अण्णांनी सांगितलेला पिक्चर

मेथी निवडता निवडता मालिनीने सहज टीव्हीकडे पाहिलं आणि हातातली जुडी हातातच राहिली. पडद्यावर एक बाई खिडकीशी उभी राहून हातमोजे काढत होती. दुसरं काही घडत नव्हतं. खिडकीबाहेर बंदर, उभी बोट, धूर. आत टेबलावर वाढून ठेवलेलं आणि कुणी न शिवलेलं जेवण. पण ते एकेक बोट सोडवत हातमोजा काढणं मालिनीने पूर्वी पाहिलं होतं. कुठं पाहिलं, कधी पाहिलं, हे आठवायच्या आतच तिची नजर आतल्या खोलीच्या दाराकडे गेली. डोकं मागाहून आलं, नेहमीसारखं सावकाश, आणि म्हणालं, अगं, ही तर कुसुम.

त्या बाईचं नाव अर्थातच कुसुम नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या इंग्रजी पिक्चरातल्या बाईचं नाव कुसुम कसं असेल? ते नाव अण्णांनी ठेवलेलं. मालिनीचे वडील अण्णा या घडीला आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपले होते आणि त्यांच्या खाटेखाली त्यांची ट्रंक भरून तयार होती. मंगळवारी मधू, मालिनीचा धाकटा भाऊ, बडोद्याहून येणार होता आणि बुधवारी अण्णांना घेऊन जाणार होता. कायमचं. पत्र मालिनीनेच लिहिलं होतं: पंधरा वर्षं मी केलं, आता तुझी पाळी. पत्रात अण्णांच्या काचबिंदूचा उल्लेख होता, बदलापूरच्या कात्रपमधल्या या घराच्या दोन जिन्यांचा होता, तिच्या शाळेच्या वेळांचा होता. सगळी कारणं खरी होती आणि त्यातलं एकही कारण नव्हतं. खरं असं होतं की अण्णांच्या डोळ्यांत थेंब घालताना, त्यांच्यापुढे चहा ठेवताना, त्यांचं धोतर वाळत घालताना तिच्या मनात एकच वाक्य चालू असे. यांच्यामुळे मी राहिले. हरिचंद्रबरोबर मस्कतला गेले असते, माझं घर झालं असतं, यांच्यामुळे राहिले. पंधरा वर्षं वागवलं की कुठलंही ओझं सवयीचं होतं. हलकं मात्र होत नाही. बडोद्याचं ठरल्यावर तिने अण्णांना सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बरं. तू म्हणतेस तसं." आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच चाचपडत ट्रंक पुसायला घेतली. त्यांनी भांडावं अशी तिची फार इच्छा होती.

टीव्ही उल्हासनगरच्या कॅम्पातून आणलेला. खोक्यावर नाव जपानी, दुकानदार सिंधी, आणि आतला माल कुठला ते विचारू नये. "मॅडम, बिनधास्त ले जाओ, दस साल हाथ नहीं लगाना पड़ेगा," असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. तीन वर्षं खरंच हात लावावा लागला नव्हता, फक्त माणसांचे चेहरे जरा हिरवट दिसत. त्यामुळे कृष्णधवल पिक्चर तेवढा त्यावर झकास दिसायचा. केबलवाल्याच्या कृपेने जुने इंग्रजी पिक्चर दाखवणारं एक चॅनेलही होतं, पण मालिनी त्या वाटेला जात नसे. ती अंबरनाथ पूर्वेच्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवायची. बरोबरच्या शिक्षिका म्हणत, "तुम्ही बघत जा हो ते जुने पिक्चर, उच्चार किती स्वच्छ असतात." ती म्हणे, "मला नाही बाई सोसत. त्यातल्या बायका फार सुस्कारे टाकतात." हे तिचं ठरलेलं मत होतं. पिक्चरबद्दल मत असलं की बरं पडतं, ते कुठून आलं हे कुणी विचारत नाही. आज बटणं दाबता दाबता ते चॅनेल लागलं, हाताला मेथीची माती होती म्हणून तसंच राहिलं, आणि माती पुसायच्या आत कुसुमने हातमोजे काढले.

कारखान्याच्या वसाहतीतला क्लब तिला जसाच्या तसा दिसला. अंबरनाथचा तो रंगांचा कारखाना, ज्याच्या प्रयोगशाळेचे अण्णा प्रमुख होते. त्याची अधिकाऱ्यांची वसाहत. आणि महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता क्लबच्या हॉलमध्ये दाखवला जाणारा इंग्रजी पिक्चर. खिडक्यांना काळे पडदे ओढायचे, मधोमध प्रोजेक्टर घरघरायचा, रीळ बदलताना दिवे लागायचे की मुलं सावल्यांचे ससे करायची. साहेब लोक पुढे खुर्च्यांवर बसत आणि इंग्रजी कळतंय अशा बेताने हसत. बायका मागे. आणि बायकांच्या मधोमध, तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर, अण्णा. कारण अण्णा पिक्चर सांगत. पडद्यावरची माणसं बोलू लागली की अर्ध्या वाक्याच्या अंतराने अण्णांचा संथ आवाज मराठीत सुरू होई. ते आदल्या दिवशी, शनिवारी, ऑपरेटर रीळं तपासायचा तेव्हा एकटेच जाऊन सगळा पिक्चर पाहून येत. म्हणजे रविवारी कुठं काय सांगायचं हे पाठ असे. इंग्रजी नावं बायकांच्या लक्षात राहत नाहीत म्हणून सगळ्यांचं बारसं नव्याने होई. नायिका कधी कुसुम, कधी इंदू, नायक वसंता, आणि पिक्चरात जो कुणी लठ्ठ, टक्कलवाला आणि घाबरट असेल तो डबीरसाहेब. खरे डबीरसाहेब कारखान्याचे पर्सोनेल मॅनेजर होते, पहिल्या रांगेत बसत, आणि आपलं नाव आलं की सर्वांत मोठ्याने हसत. अण्णा नसतील त्या रविवारी बायका यायच्याच नाहीत.

मग चहा आणि बटाटेवडे, आणि मतं. त्या मतांसाठीच खरा पिक्चर. डबीरबाई म्हणायच्या, एवढाली घरं यांची, पण देव कुठं ठेवतात कळत नाही. कुणी म्हणे, पुरुष सगळे एकसारखेच, टोपी काढली की ओळखू येत नाहीत. कुणी म्हणे, बूट घालून गादीवर झोपतात, चादरी धुणारी वेगळी असणार. मालिनीला नेहमी त्या टेबलावरच्या जेवणाची चुटपूट लागे. वाढतात, दोन वाक्यं बोलतात, भांडण होतं, माणूस टोपी घालून चालता होतो; मग त्या अन्नाचं पुढं काय होतं? अण्णांचं मत सगळ्यांत शेवटी. "जुने इंग्रजी पिक्चर चांगलेच," ते वडा मोडत म्हणायचे, "त्यात माणसं एकमेकांना वाक्य पूर्ण करू देतात." घरात मात्र, आई गेल्यानंतरच्या तीन वर्षांत, त्यांचं एखादं वाक्य पूर्ण झालेलं मालिनीला आठवत नव्हतं. "मालू, ते तुझं..." एवढं म्हणून ते पेपर उलगडायचे. क्लबातल्या काळोखात पडद्यावरचं अख्खं शहर बोलतं करणारा हा माणूस घरी मीठ मागायलाही कचरायचा.

अण्णा पिक्चर बदलतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चुंबन आलं की "आता ते हवापाण्याचं बोलतायत" म्हणत. कुणी फारच हळहळलं तर मेलेल्या माणसाला दवाखान्यात हलवत. म्हणूनच तर मालिनीला खात्री होती. ब्याऐंशी सालच्या फेब्रुवारीतला तो रविवार. हरिचंद्र त्याच कारखान्यात बॉयलरवर इंजिनिअर होता, उंच, नीटनेटका, बोलण्यात पक्का. त्याला मस्कतची नोकरी लागली होती. लग्न करून बरोबर चल, असं त्याने शुक्रवारी विचारलं होतं आणि सोमवारी उत्तर मागितलं होतं. वसाहतीत अशी गोष्ट शनिवारपर्यंत कुणाला कळली नाही असं होत नाही. आणि रविवारी हा पिक्चर. बंदरावरचं घर, म्हातारा आजारी बाप, त्याची एकुलती लेक कुसुम, आणि तिला बोटीने दूरदेशी न्यायला आलेला डॉक्टर वसंता. मालिनीच्या आठवणीत ते अगदी कोरलेलं होतं: पडद्यावर म्हातारा लेकीचा हात धरून रडतोय, अण्णांचा आवाज काळोखात म्हणतोय, जाऊ नकोस, मला सोडून जाऊ नकोस, आणि मग सगळ्या बायका मोठ्याने हसल्या. तिच्याकडे पाहून हसल्या. तिची कानशिलं तापली, ती उठून बाहेर गेली आणि क्लबच्या मागच्या नळाशी उभी राहिली. मूळ पिक्चरात असं नसणारच, तिने तेव्हाच ठरवून टाकलं. अण्णांनी बदललं. मला घरात धरून ठेवायला, चारचौघांत, दुसऱ्याच्या तोंडून. सोमवारी स्टेशनरोडवरच्या थंड पेयांच्या दुकानात हरिचंद्रला ती म्हणाली, "अण्णा एकटे पडतील." पुढं तिने बाहेरून परीक्षा देऊन इंग्रजी घेऊन बी.ए. केलं. का केलं, ते कुणाला सांगितलं नाही. आता मला कुणी पिक्चर सांगायला नको, हे ते कारण. आणि त्यानंतर एकही पिक्चर पाहिला नाही, हा त्यातला शहाणपणा.

आता मात्र ती पाहत होती. मेथीचा पेपर बाजूला सरकवून, टीव्हीच्या इतक्या जवळ की पडद्यावरची धूळही दिसावी. इंग्रजी तिला लख्ख कळत होतं, शब्द न् शब्द, आणि ते कळणं जरा भीतीदायक होतं. डॉक्टर आला, टोपी फिरवत उभा राहिला, बोट पाचला सुटते म्हणाला. घसा दाबल्यासारखं संगीत वाजलं. मग म्हातारा बाप काठी टेकत आला, खुर्चीत बसला, लेकीचा हात धरला. इथे, नेमकी इथे अण्णांची चोरी उघडी पडणार होती. म्हातारा बोलू लागला. मला सोडून जाऊ नकोस, तो म्हणाला. तुझी आई गेली, आता तूही गेलीस तर मी या घरात एकटा मरेन. तो पुष्कळ बोलला, दमेपर्यंत बोलला, आणि त्यातला प्रत्येक शब्द म्हणजे, जाऊ नकोस.

म्हणजे अण्णांनी काहीच बदललं नव्हतं. जे होतं तेच सांगितलं होतं. मालिनी मागे भिंतीला टेकली. पंधरा वर्षं एका खटल्यात आपण आरोपी बरोबर पकडलाय असं समजून चालावं आणि त्या दिवशी तो गावातच नव्हता असं निघावं, तसं तिचं झालं. हायसं वाटलं की वाईट, ते तिला ठरवता येईना. आणि तेवढ्यात दाराशी जिवलीचा आवाज आला.

जिवली बारवी धरणाच्या बाजूच्या एका ठाकरवाडीवरची. तिचा नवरा नवसू क्लबचा शिपाई होता, पिक्चरच्या रिळांच्या पेट्या स्टेशनावरून तोच डोक्यावर आणायचा, आणि जिवली हॉल झाडून झाला की दाराशी जमिनीवर बसून अण्णांचा पिक्चर ऐकायची. वसाहत सुटली, अण्णा निवृत्त होऊन बदलापूरला आले, तरी तिचं येणं सुटलं नाही. आज तिने डोक्यावरून एक गाठोडं उतरवलं. "नवं तांदूळ हाय. अण्णाला दे बांधून. तिकडं बडोद्याला आसा कुठला मिळायला?" म्हणत तिने पदराने तोंड पुसलं, आणि तिची नजर टीव्हीवर गेली. "आगो बाय! ही तं कुसुम! ती बोटीवाली." ती तिथंच उंबऱ्यात बसली. "ह्यो तिचा बा. आता बघ, ह्यो तिला म्हनल, जा."

"जा नाही, जिवली," मालिनी म्हणाली. "जाऊ नकोस म्हणतो. आत्ताच म्हणाला."

"हॅत्. तुला काय ठावं? तू बाहेर पळालीस, नळावर. मी व्हते ना." जिवलीला इंग्रजीशी काहीच देणंघेणं नव्हतं, तिच्या लेखी पिक्चर म्हणजे अण्णांनी सांगितला तो. "बा रडतो, आन म्हनतो, जा पोरी. माझी फिकीर नको करू, माझा भात मी रांधीन. आसा म्हनला आन् सगल्या बाया हसून हसून पडल्या. डबीरबाय तर खुर्चीवरून खाली यायची व्हती."

माझा भात मी रांधीन. ते वाक्य मालिनीच्या डोक्यात कुठंतरी होतंच. इतकी वर्षं ते वाक्य गाळून तिने फक्त त्याच्यावरचं हसू जपून ठेवलं होतं. कारण बायका हसणारच होत्या. आई गेल्यावर दुसऱ्या महिन्यात अण्णांनी एकदा भात लावला होता. पातेलं करपून असा धूर झाला की वसाहतीच्या फाटकावरचा पहारेकरी धावला, आणि पाठोपाठ कारखान्याचे आग विझवणारे वाळूच्या बादल्या घेऊन जिना चढून आले. अण्णा हातात झारा घेऊन दारात उभे होते आणि म्हणाले होते, "तसं काही नाही, भात झालाय." वर्षभर वसाहत त्यावर हसली. पिक्चरातला बाप माझा भात मी रांधीन म्हणाला, तेव्हा बायका अण्णांना हसल्या. तिला नाही. तिच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं.

"आणि मग?" तिने विचारलं. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "मग कुसुम गेली का?"

"तुझ्या म्होरं चाललाय ना पिच्चर, बघ की," जिवली म्हणाली. पण तिलाच धीर धरवेना. "नाय गेली. बोट गेली, ही ऱ्हायली. अण्णा म्हनला, बानं जा म्हनलं तरी ऱ्हायली. का ऱ्हायली, तिचं तिला ठावं."

पडद्यावर बोटीचा भोंगा झाला. बाई खिडकी लावून घेत होती आणि संगीत असं काही रडत होतं की पाहणाऱ्याने तिची दया केलीच पाहिजे. पण मालिनीचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे होतं. संगीत बाजूला ठेवलं तर तो चेहरा दुःखी नव्हता. जेवायला बसायच्या आधी हात धुतलेल्या माणसाचा असतो तसा, साधा. का राहिली, तिचं तिला ठावं. आणि मालिनीला एकदम ते थंड पेयांचं दुकान आठवलं. अगदी टेबलावरच्या ओल्या गोल डागांसकट. हरिचंद्रने तिला न विचारता तिच्यासाठी लस्सी मागवली होती. तिला लस्सी आवडत नसे, हे त्याला दोनदा सांगून झालं होतं. "तिकडं उन्हाळा फार, सवय करून घे," तो हसून म्हणाला होता. वाईट माणूस नव्हता तो. त्याने मस्कतच्या घराचा नकाशा कागदावर काढून आणला होता, त्यात तिचं स्वयंपाकघर होतं, तिची शिवणाची जागा होती, आणि त्या नकाशाकडे पाहता पाहता तिचा श्वास अडकत होता. मला हे नको आहे, एवढी चार शब्दांची गोष्ट. पण पंचविशीच्या मुलीने, चांगला इंजिनिअर मुलगा, मस्कतची नोकरी, देणंघेणं काही नको म्हणणारा, याला नको कसं म्हणायचं? का नको, म्हणून दहा जणांनी विचारलं असतं आणि तिच्यापाशी उत्तर नव्हतं. अण्णा एकटे पडतील, हे उत्तर असं होतं की त्यावर कुणी पुढं विचारत नाही. उलट डोळे पुसतात. चार महिन्यांनी हरिचंद्रच्या लग्नाची पत्रिका आली. ती वाचून तिला कडकडून भूक लागली होती आणि तिने उभ्याउभ्या दोन बशा पोहे खाल्ले होते. त्या पोह्यांचा विचार तिने पुन्हा कधी मनात येऊ दिला नाही. बळी गेलेल्या माणसाला भूक लागत नाही, म्हणून.

आणि ती गेली नव्हतीच बळी. कुणी तिला अडवलं नव्हतं. तिला जायचं नव्हतं, ती गेली नाही, आणि नंतरचं सगळं, शाळा, हे घर, रविवारची दुपार, हे तिने स्वतः मागितलेलं होतं. मनातल्या मनात हे म्हणून होताच तिच्या खांद्यांतून काहीतरी सुटलं, खरोखर, शरीरातून. बाजारातून आणलेल्या दोन जड पिशव्या ओट्यावर ठेवल्यावर बोटं मोकळी होतात तसं. ती हसू लागली आणि डोळ्यांतून पाणीही आलं, आणि जिवली तिच्याकडे संशयाने बघत म्हणाली, "पिच्चर हाय गो. खरं नसतं काय."

अण्णा चौकटीला हात लावत बाहेर आले. "जिवली आलीय वाटतं," ते म्हणाले. डोळ्यांना आता माणसांचे आकार तेवढे दिसत. ते नेहमीच्या खुर्चीत बसले, टीव्हीच्या उजेडाकडे तोंड करून, आणि ऐकू लागले. मालिनीने आवाज कमी केला. पंधरा वर्षं हवापाण्याचंच बोलत आलेल्या माणसांना एकदम दुसरं काही बोलायचं तर घसा साफ करावा लागतो. तिने केला.

"अण्णा, बंदराचा पिक्चर आठवतो? कुसुमचा?"

अण्णांनी मान हलवली. "आठवतो. तो मी शनिवारी दोनदा पाहिला. ऑपरेटर वैतागला माझ्यावर."

"त्यात बाप तिला अडवतो."

"अडवतो. रडून अडवतो. मला तो बाप आवडला नाही." त्यांनी खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. "जुने इंग्रजी पिक्चर चांगलेच असतात, पण त्यांतले बाप फार बोलतात. म्हणून त्याचं बोलणं बदललं. घरात तुला सांगायला हवं होतं, मालू. शनिवारी रात्री दोनदा तुझ्या खोलीच्या दारापर्यंत आलो होतो. तुझी आई असती तर ती बोलली असती. मला आपलं ते काळोखात, दुसऱ्याच्या तोंडून जमतं." ते थांबले. वाक्य तिथं सोडून पेपर उलगडतील असं तिला वाटलं, पण पेपर त्यांना आता दिसत नव्हता, आणि ते पुढं बोलले. "चारचौघांत बापाने जा म्हटलं, घराबाहेर काढल्यासारखं, ते तुला लागलं. तू उठून गेलीस. तेव्हापासून तुझा राग आहे तो ठाऊक आहे मला. आता तू मला जा म्हणालीस, तेव्हा मनात म्हटलं, ठीक आहे. फिट्टंफाट झाली."

मालिनी त्यांच्याकडे बघत राहिली. म्हणजे इतकी वर्षं या घरात दोन माणसं एकाच संध्याकाळचं ओझं वागवत होती आणि दोघांचीही ओझी चुकीची होती. तिला अण्णांची फार माया आली.

"अण्णा," ती म्हणाली, "मला जायचंच नव्हतं."

"हो?"

"मला हरिचंद्र नको होता. आणि मी त्याला सांगितलं, अण्णा एकटे पडतील."

अण्णांनी मान तिच्याकडे वळवली. मग त्यांच्या पोटातून हळूहळू हसू वर आलं. "माझ्यावर ढकललंस होय! आणि मी आपला..." ते हसले, खोकले, पुन्हा हसले. जिवली कशाला ते न कळूनही हसली. "अगं, मला म्हणायचंस तरी. मी सांगितलं असतं त्याला. पर्सोनेल मॅनेजरला मध्ये घालून सांगितलं असतं."

हसणं ओसरल्यावर खोलीत तांदळाचा ताजा वास जाणवू लागला. मालिनीने खाली बसून अण्णांच्या गुडघ्यावर हात ठेवला. इतक्या दिवसांत एक गोष्ट तिने केलीच नव्हती, आणि ती किती साधी होती. "अण्णा, तुम्हाला जायचंय बडोद्याला?"

"मधूची मुलं गोड आहेत. चार दिवस जाईन की. मुक्कामाला नाही जायचं मला." मग अगदी हळू, "हे मी म्हणालो असतो. तू विचारलं नाहीस."

पाच वाजता ती चप्पल घालून कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवर गेली. रविवार असल्यामुळे रांग होती. काचेच्या खोक्याचं दार बिघडून उघडंच राहिलेलं, त्यामुळे जो बोलेल त्याचं घरदार सगळ्या रांगेला कळत होतं. तिचा नंबर आला तेव्हा तिने बडोद्याचा आकडा फिरवला आणि पलीकडे मधू आला.

"मधू, तू मंगळवारी येऊ नकोस. अण्णा येत नाहीत."

"काय झालं, ताई? तब्येत बिघडली का त्यांची? डोळ्यांचं काही? डॉक्टर प्रवास नको म्हणाले का?" मधूने तीन कारणं एका दमात तिच्या हाती दिली. तिन्ही उत्तम होती. कुठलंही उचललं असतं तरी त्याने पुढं काही विचारलं नसतं.

"तब्येत ठणठणीत आहे त्यांची," मालिनी म्हणाली. "मला ते इथे हवे आहेत."

"काय? ऐकू येत नाहीये. खरखर होतेय. कारण काय म्हणालीस?"

मागच्या रांगेतली माणसं तिच्याकडे बघत होती. तिने बघू दिलं.

"कारण काही नाही!" ती ओरडली. "मला हवे आहेत! मला!"